विद्यार्थी-मैफलीसाठी क्लॅरिनेटची छोटी क्लासिकल रचना सुचवा

निळीशाई:
नमस्कार मंडळी. मुलगी १४ वर्षांची आहे, क्लॅरिनेट शिकते. क्लासच्या मैफलीत या वेळी प्रत्येकाने क्लासिकल काळातलं, म्हणजे ढोबळमानाने १७५० ते १८२० मधलं काहीतरी वाजवायचं आहे. वेळ पाच मिनिटं, साथीला पियानो. तिच्या बाईंनी सांगितलंय, दोन-तीन पर्याय तुम्हीच शोधून आणा, मग बसून ठरवू.

मुलीचं म्हणाल तर तिचं ठरलेलं आहे. मोझार्टच्या क्लॅरिनेट कॉन्चेर्टोमधला (एक मुख्य वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना) मधला संथ भाग, अदाजिओ. रोज ऐकते. मला संगीत ऐकायला आवडतं, पण वाद्याचं तंत्र कळत नाही. एवढं दिसतं की संथ चालीत ती छान वाजवते, सूर गोल येतो. भरभर वाजवताना मधल्या पट्टीतून वर जाताना अडखळते, एखादा सूर किंचाळतो. तिच्याकडे फक्त बी फ्लॅट क्लॅरिनेट आहे. वर लिहिलेल्या सी पर्यंत, म्हणजे पाच रेघांच्या वर दोन जादा रेघा लागतात तिथपर्यंत, तिला आरामात जाता येतं.

अदाजिओ हट्टाने करू द्यावं का? नाही तर दुसरं काय आहे? आणि अजून एक: एका रेकॉर्डिंगमध्ये मधल्या भागात काही सूर तिच्या पुस्तकातल्यापेक्षा बरेच खाली जातात. पुस्तक चुकीचं आहे का?

नळी_आणि_रीड:
निळीशाई, मी क्लॅरिनेट शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी अदाजिओचा हिशोब. त्यात ९८ बार (तालाचे विभाग) आहेत, प्रत्येकात तीन मात्रा. म्हणजे २९४ मात्रा. मिनिटाला ४२ मात्रांची लय धरली तर सात मिनिटं होतात. लय वाढवून ते पाचात बसवायचं म्हटलं तर मिनिटाला जवळपास ६० मात्रा होतील, आणि मग तो अदाजिओ उरणारच नाही. तेव्हा वेळेच्या अटीतच तो पूर्ण बसत नाही.

दुसरी गोष्ट श्वासाची. पहिल्या बारपासून चाल क्लॅरिनेटकडेच असते, आधी वाद्यवृंदाची प्रस्तावना नाही. हात थरथरत असताना, तोंड कोरडं पडलेलं असताना, थेट ब्रेकच्या (खालची आणि वरची पट्टी जुळतात त्या सांध्याच्या) वरच्या पट्टीत हळुवार सुरुवात करायची. सूर कमी आहेत म्हणून लोक त्याला सोपं समजतात. नोटेशन वाचायला सोपं आहे हे खरं, पण मुलांना मंचावर सर्वांत जास्त थकवणाऱ्या रचनांत मी त्याला वरचं स्थान देईन. ओठ सैल पडले की आठ बारच्या वाक्याच्या शेवटी सूर उतरतो, आणि तो उतरलेला सूर झाकायला तिथे काहीही नसतं.

आता ब्रेकबद्दल, कारण निवडीत तोच कळीचा मुद्दा आहे. क्लॅरिनेटची रजिस्टर की, म्हणजे वरच्या पट्टीत नेणारी चावी, दाबली की बासरी किंवा ओबोसारखं एक सप्तक वर जात नाही, बारावा सूर मिळतो. त्यामुळे खालची पट्टी संपते तिथे लिहिलेला ए आणि बी फ्लॅट जवळजवळ मोकळ्या नळीवर वाजतात, आणि पुढच्याच बी ला सगळी भोकं बोटांनी एकदम झाकावी लागतात. तुमची मुलगी जिथे अडखळते ती जागा हीच. तेव्हा रचना निवडताना "अवघड की सोपी" एवढं पाहून भागणार नाही. पान उघडा आणि जलद जागी चाल या ए-बी च्या उंबरठ्यावरून किती वेळा ये-जा करते ते पेन्सिलने खुणा करून मोजा. संथ जागी कितीही वेळा असली तरी चालेल.

या बाबतीत क्लासिकल काळ मुलांना सोयीचा आहे, आणि त्याला कारण आहे. तेव्हाच्या क्लॅरिनेटला साधारण पाच-सहा चाव्याच असत. आडनिडे शार्प-फ्लॅट काढायला बोटांची कसरत व्हायची आणि तरी सूर दबके यायचे. म्हणून संगीतकार क्लॅरिनेटची ओळ बहुतेक सी, एफ किंवा जी मेजरमध्ये राहील अशी बेतायचे. बी फ्लॅट क्लॅरिनेटवर लिहिलेला सी वाजवला की ऐकू येतो बी फ्लॅट, म्हणून बी फ्लॅट मेजरमधला कॉन्चेर्टो ते वाजवणाऱ्याला कागदावर सी मेजर दिसतो. आजच्या वाद्यावर ती ओळ बोटांखाली छान बसते.

माझे पर्याय: कार्ल स्टामिट्झचा बी फ्लॅट मेजरमधला तिसरा कॉन्चेर्टो, त्यातला फक्त संथ रोमान्झ किंवा फक्त शेवटचा रोंडो, ज्यात मुख्य चाल पुन्हा पुन्हा येते. झाविए लफेव्रच्या सोनाटांपैकी (अनेक भागांच्या वाद्यरचना) एखादीतले दोन भाग. आणि वानहालच्या बी फ्लॅट सोनाटातला एखादा भाग, पण त्याला पियानोवादक तयारीचा हवा.

मंद्र:
वरच्या प्रतिसादाशी अर्धाच सहमत आहे. मुलगी रोज जे ऐकते, ज्यासाठी तिने वाद्य उचललं असेल, ते बाजूला सारून तिला अनोळखी नावाचं काहीतरी देणं मला पटत नाही. सरावाचे पुढचे सगळे आठवडे ती कशाच्या ओढीने बसणार आहे?

वेळेचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. पहिले ३२ बार वाजवा, मधला भाग गाळा, आणि मूळ धून जिथे परत येते त्या ६० व्या बारपासून शेवटापर्यंत जा. ३२ आणि ३९ मिळून ७१ बार, म्हणजे २१३ मात्रा. नळी_आणि_रीड यांच्याच लयीने पाच मिनिटं आणि वर चार-पाच सेकंद. जोडही ऐकू येणार नाही, कारण ३२ वा बार मूळ स्वरावर स्थिरावतो आणि ६० वा तिथूनच उठतो. शिवाय अवघड उड्या, खालीवर धावणाऱ्या बारीक नोट्स, बऱ्याचशा मधल्या भागातच आहेत. त्या आपोआप टळतात.

१४ व्या वर्षी मोझार्टची ही धून चार माणसांसमोर वाजवायला मिळणं ही आयुष्यभर पुरणारी गोष्ट आहे.

नळी_आणि_रीड:
मंद्र, तुमची तळमळ कळते आणि काप तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण त्याने रचनेचं काय होतं ते बघा. पहिल्या ३२ बारमध्ये क्लॅरिनेट आठ बार गातं, वाद्यवृंद तेच परत म्हणतो. पुढची आठ बारची ओळ, पुन्हा वाद्यवृंद. मग मधला भाग येतो, चाल भटकते, खोल जाते, थोडी अस्वस्थ होते, आणि त्यानंतर पहिली धून अगदी हळू परत येते. ती परत येते तेव्हा अंगावर काटा येतो तो या मधल्या प्रवासामुळे. तो काढला की धून गेलीच नव्हती, परत कुठून येणार? ऐकणाऱ्याला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितल्यासारखी वाटते.

काही जण उलटा काप सुचवतात: वाद्यवृंदाची पुनरावृत्ती गाळायची, म्हणजे बार ९ ते १६ आणि २५ ते ३२. त्याने मिनिटाहून आठ-नऊ सेकंदच जास्त वाचतात, आणि ओठांना मिळणारी तेवढीच काय ती विश्रांती जाते. मुलांच्या बाबतीत तो काप कधीच करू नये.

मुलीची ओढ मोडायला मीही सांगत नाही. अदाजिओचे पहिले आठ बार तिने रोज घरी वाजवावेत, लांब सुरांचा सराव म्हणून. त्यासारखा सराव नाही. मंचावर नेण्याची वेळ थोडी पुढे ढकलली तर बिघडत काहीच नाही.

पियानोसाथ:
मी अशा मैफलींत पियानोची साथ करतो. साथीदाराच्या बाकावरून जे दिसतं ते सांगतो, कारण निवडताना पियानोचा विचार सहसा शेवटी होतो.

पहिलं. मोझार्टचा कॉन्चेर्टो ए मेजरमध्ये आहे, ए क्लॅरिनेटसाठी. बी फ्लॅट क्लॅरिनेटवर तोच छापील भाग तशाच बोटांनी वाजवता येतो, पण मग सगळं अर्धा सूर वर ऐकू येतं आणि अदाजिओ डी मेजरऐवजी ई फ्लॅट मेजरमध्ये होतो. त्यासाठी पियानोचा भागही बी फ्लॅट क्लॅरिनेटच्या आवृत्तीतलाच लागतो, आणि तो वेगळा छापलेला मिळतो. रंगीत तालमीला मुलाकडे एक आणि माझ्याकडे दुसरी आवृत्ती, असं झालं की पहिल्या सुरालाच दोघं थांबतात. तेव्हा काहीही निवडा, दोन्ही भाग एकाच आवृत्तीचे आहेत ना, हे पुस्तक घेतानाच बघा.

दुसरं. कॉन्चेर्टो म्हणजे पियानो वाद्यवृंदाची नक्कल करणार. व्हायोलिनचे थरथरते सूर, हॉर्नचे लांब धरलेले सूर पियानोवर विरून जातात. स्टामिट्झच्या पहिल्या भागात क्लॅरिनेट येण्याआधी वाद्यवृंदाची लांब प्रस्तावना आहे. विद्यार्थी तेवढा वेळ वाद्य हातात धरून उभा राहतो, रीड (तोंडात धरायची वेताची पातळ पट्टी) वाळते, वाद्य थंड होतं आणि नेमका प्रवेशाला सूर फुटतो. तो भाग घ्यायचाच असेल तर प्रस्तावनेचे शेवटचे चार किंवा आठ बार पुरेत. पाच मिनिटांच्या कार्यक्रमात कोणी हरकत घेणार नाही. रोमान्झ आणि रोंडो यांत हा त्रास बराच कमी.

तिसरं. वानहालच्या सोनाटा मुळात पियानो आणि क्लॅरिनेट दोघांसाठी लिहिल्या आहेत. तिथे पियानो निव्वळ साथ करत नाही, चाल त्याच्याकडे जाते, परत येते. वाजवायला मला स्वतःला सर्वांत आनंद त्यात मिळतो. पण एकच तालीम मिळणार असेल तर नको. मुलीला दुसऱ्याचं ऐकत वाजवायची सवय लागलेली हवी.

लफेव्रच्या सोनाटांत मूळ छापील साथ म्हणजे नुसती बासची एक ओळ. आज मिळणाऱ्या आवृत्त्यांतला पियानोचा उजवा हात नंतरच्या संपादकांनी भरलेला असतो. म्हणून प्रत्येक आवृत्तीत साथ वेगळी. काहींत ती साधी असते, काहींत क्लॅरिनेटच्या वर बोलणारी. साधी निवडा. आणि वेळ अजिबातच नसेल तर नुसती बासची ओळ एखाद्या चेलो किंवा बासून (खालच्या सुरांचं फुंकवाद्य) वाजवणाऱ्याने धरली तरी ते काळाला धरूनच होईल.

निळीशाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीला प्रतिसाद वाचून दाखवले. बारचे आकडे ऐकून तिने स्वतः पुस्तक काढून खुणा केल्या! मधला भाग गाळायला तीच नको म्हणाली.

लफेव्र हे नाव आम्ही दोघींनी पहिल्यांदाच ऐकलं. त्याबद्दल कोणी सांगेल का? तिची भीती अशी की ते "अभ्यासाचं" असेल, ऐकायला कोरडं. आणि तिच्या एका मैत्रिणीने वेबरचं कॉन्चेर्टिनो सुचवलंय.

नळी_आणि_रीड:
वेबर आधी संपवते. कॉन्चेर्टिनो १८११ चं, हाइनरिश बेअरमान या वादकासाठी लिहिलेलं. तारखेने तुमच्या चौकटीत बसतं, वृत्तीने पुढच्या रोमँटिक काळाकडे तोंड करून उभं आहे. नऊ-दहा मिनिटं चालतं, एकसलग आहे, आणि वेगातली खालीवर धावणारी बोटं हाच त्याचा जीव आहे. आत्ता नको.

लफेव्र. जन्म लोझानचा, १७६३ चा, कारकीर्द पॅरिसची. तिथलं कॉन्झर्व्हेटोअर, म्हणजे संगीत विद्यालय, १७९५ मध्ये स्थापन झालं आणि तो तिथे क्लॅरिनेट शिकवायचा. संस्थेसाठी त्याने १८०२ मध्ये क्लॅरिनेटचं शिक्षणपुस्तक छापलं आणि त्यातच चढत्या काठिण्याच्या १२ सोनाटा घातल्या. म्हणजे त्या अभ्यासासाठी लिहिल्या आहेत हे खरं, पण ज्याने लिहिल्या तो स्वतः उत्तम वादक होता, आणि विद्यार्थ्याचा श्वास कुठे संपतो, बोट कुठे अडतं, हे त्याला रोज समोर दिसत होतं. त्यामुळे वाक्यं श्वासाच्या मापाची आहेत. ब्रेक ओलांडायचा असतो तिथे बहुतेक वेळा पायरी-पायरीने किंवा मध्ये सावरायला जागा देऊन. खालच्या शालुमो पट्टीचा घनगंभीर आवाज आणि वरच्या पट्टीचा उजळ आवाज समोरासमोर ठेवायची त्याला आवड आहे, आणि क्लॅरिनेट ऐकायला बसलेल्याला दुसरं काय हवं असतं!

बहुतेक सोनाटांत जलद, संथ आणि रोंडो असे तीन भाग असतात. संथ भाग लहान असतात. अदाजिओ आणि त्यामागून रोंडो घेतला तर पाच मिनिटांत बसवता येतो, आणि तुमच्या मुलीची जमेची बाजू, तो गोल सूर, आधी ऐकवता येतो. कोरडं वाटतं ते वाजवणाऱ्यामुळे. पानावर खुणा फार कमी आहेत, त्यामुळे जे लिहिलंय तेवढंच वाजवलं तर ते सपाट होणारच. सुरुवातीच्या तीन-चार सोनाटा वाजवून बघा आणि जी तिला दुसऱ्या दिवशी गुणगुणावीशी वाटेल ती घ्या.

श्रोता_एक:
मी वाजवत नाही, पण बऱ्याच मुलांच्या मैफली समोर बसून ऐकल्या आहेत, म्हणून विचारतो. संथ रचना मंचावर सुरक्षित असते असं सगळे गृहीत का धरतात? मला तर उलट दिसतं. भरभर चाल आली की मूल त्यात शिरतं आणि विसरतं. संथ चालीत त्याला स्वतःचा सूर थरथरताना ऐकू येतो.

नळी_आणि_रीड:
फार चांगला प्रश्न, आणि निरीक्षण बरोबर आहे. घाबरल्यावर पहिला बिघडतो तो श्वास. तो वर छातीत अडकतो, उथळ होतो. संथ रचनेत लांब सूर धरायचा म्हणजे नेमकं त्याच दुखऱ्या जागेवर बोट. जलद रचनेत श्वास तितका उघडा पडत नाही, पण बोटं घट्ट होतात आणि लय पळते. कुठल्या मुलाचं काय आधी बिघडतं हे बघून ठरवावं लागतं, सरसकट नियम नाही.

म्हणून पहिली रचना कोणतीही असो, पहिलं वाक्य कसं आहे ते मी फार बारकाईने बघते. आदर्श पहिलं वाक्य चार बारचं, मधल्या आवाजात, लिहिलेल्या मधल्या जी च्या खालून सुरू होणारं किंवा ब्रेकच्या वर असेल तर तिथेच राहणारं. पहिल्या दोन बारमध्ये ब्रेक ओलांडायचा असेल, किंवा पियानिस्सिमो (अगदी हळू आवाजात) लिहिलं असेल, तर मी ती रचना घाबरणाऱ्या मुलाला देत नाही. पहिलं वाक्य नीट गेलं की पुढची चार मिनिटं मूल स्वतः सांभाळतं.

घरी करायचा उपाय: पायऱ्या दोनदा चढून-उतरून यायचं आणि धाप लागलेली असतानाच पहिलं वाक्य वाजवायचं. श्वास अपुरा असताना काय करायचं हे शरीराला तिथे कळतं. आणि श्वासाच्या दोन प्रकारच्या खुणा करायच्या: जिथे घ्यायचाच, आणि जिथे लागला तर घ्यायचा. दुसऱ्या खुणा कंसात. मंचावर त्या कंसातल्या खुणा मुलांना वाचवतात.

ब्रेकसाठी: वेगात थ्रोटचे, म्हणजे खालच्या पट्टीच्या वरच्या टोकाचे, ए, बी फ्लॅट वाजवताना उजव्या हाताची बोटं भोकांवर ठेवूनच द्यायची. सूर बदलत नाही, उलट थोडा भरीव होतो, आणि बी ला जाताना निम्मं काम झालेलं असतं.

सूर_पारखी:
निळीशाईंच्या पहिल्या पोस्टमधल्या रेकॉर्डिंगच्या प्रश्नाचं उत्तर राहून गेलं. पुस्तक चुकीचं नाही. मोझार्टने हा कॉन्चेर्टो १७९१ च्या शरद ऋतूत, मृत्यूच्या जेमतेम दोन महिने आधी, अँटोन श्टाडलर या वादकासाठी पूर्ण केला. श्टाडलरकडे नेहमीच्यापेक्षा लांब, लिहिलेल्या खालच्या सी पर्यंत उतरणारं बॅसेट क्लॅरिनेट होतं. नेहमीचं क्लॅरिनेट खालच्या ई वर थांबतं. मूळ हस्तलिखित हरवलेलं आहे. सुमारे दहा वर्षांनी जे छापलं गेलं त्यात नेहमीच्या वाद्याला झेपावं म्हणून ते खोल सूर वर उचललेले आहेत, आणि १८०२ मध्येच एका परीक्षणात त्याबद्दल लिहिलं गेलं होतं. तुमची मुलगी ऐकते ते बॅसेट क्लॅरिनेटवरचं, पुनर्रचना केलेलं वादन असणार. तिचा कान फार चांगला आहे, हे तिला जरूर सांगा.

आता लफेव्र किंवा स्टामिट्झ, काहीही घेतलंत तरी शैलीबद्दल थोडं, कारण छोटी रचना रंगते ती यावर.

लहान टाइपातली नोट मुख्य नोटेच्या आधी चिकटवलेली दिसेल. मुलं ती चटकन उडवून टाकतात. त्या काळच्या पद्धतीत तशी नोट पुष्कळदा ठोक्यावर येते, मुख्य नोटेचा अर्धा वेळ घेते, जराशी दाबून वाजते आणि मग मुख्य नोटेवर हलकेच उतरते. बासरीवादक क्वांट्झचं १७५२ चं आणि मोझार्टचे वडील लिओपोल्ड मोझार्ट यांचं १७५६ चं पुस्तक, दोन्हींत यावर पानंच्या पानं आहेत. संथ भागात ही एक गोष्ट नीट केली तरी वादन एकदम मोठ्यांचं वाटायला लागतं. ट्रिल (दोन शेजारचे सूर भरभर आलटून-पालटून) बहुतेक ठिकाणी वरच्या सुरापासून सुरू करावी, घाई न करता.

स्लरच्या, म्हणजे सूर जोडून वाजवायच्या, कमानी बघून घ्या. आवृत्तीतल्या बऱ्याच कमानी संपादकाच्या असतात. सगळ्या सोळांशांवर एकच लांब कमान असेल तर बाईंना विचारून "दोन जोडून, दोन सुटे" करून बघा. जिभेचा स्पर्श हलका हवा, त या अक्षरापेक्षा द कडे झुकणारा. जोडलेल्या दोन सुरांतला दुसरा नेहमी हलका.

आणि तीच ओळ परत येते तेव्हा तशीच वाजवू नये. रोंडोत मुख्य चाल तीन-चार वेळा येते. एकदा मोकळ्या आवाजात, एकदा शेजारच्या खोलीतून आल्यासारखी, शेवटच्या वेळी एखादा छोटा अलंकार घालून. तो अलंकार मुलीला स्वतः रचू द्या. दोन सुरांचा असला तरी चालेल. त्या काळी वादकाकडून ते अपेक्षितच होतं.

मंद्र:
सूर_पारखी, अलंकाराची कल्पना फार आवडली. मोझार्टच्या अदाजिओतही धून परत येण्याआधी एक थांबा आहे, तिथे वादकाने स्वतःचं छोटं काही घालायचं असतं. म्हणजे लफेव्रमध्ये आत्ता जे शिकेल ते तिला तिथे उपयोगी पडेल. मी माझा आग्रह मागे घेतो असं नाही, पण हा रस्ता चांगला आहे.

पियानोसाथ:
सूर जुळवण्याबद्दल दोन शब्द राहिले. पियानो जागचा हलत नाही, जुळवून घ्यायचं ते क्लॅरिनेटने. वाद्य गरम झालं की सूर चढतो. म्हणून आधी पाच-दहा मिनिटं वाजवून, वाद्य गरम असतानाच जुळवा आणि मंचावर जाईपर्यंत अधूनमधून नुसती कोमट हवा फुंकत राहा. थोडा चढा असेल तर बॅरल (मुखाखालचा छोटा जोडतुकडा) किंचित बाहेर ओढायचं. फार ओढलं तर थ्रोटचे सूर बाकीच्यांपेक्षा जास्त उतरतात, हे लक्षात ठेवा. एकाच सुरावर जुळवू नका, लिहिलेला मधला जी आणि ब्रेकच्या वरचा सी, दोन्ही तपासा.

क्लॅरिनेटची खोड अशी की मोठ्याने वाजवताना सूर उतरतो आणि हळू वाजवताना चढतो. संथ भागाचा शेवटचा लांब सूर विरत जातो तेव्हा पियानोच्या वर गेलेला स्पष्ट ऐकू येतो. शेवटचे दोन बार माझ्याबरोबर वेगळे पाच वेळा घेतले तरी वाया जाणार नाहीत.

नवी रीड त्या दिवशी लावू नका. आठवडाभर आलटून-पालटून वाजवलेल्या दोन-तीन तयार ठेवा.

निळीशाई:
मंडळी, ठरलं. काल बाईंकडे तीन पर्याय घेऊन गेलो: स्टामिट्झचा रोमान्झ, लफेव्रच्या पहिल्या काही सोनाटा, आणि वानहाल. बाईंनी तिच्याकडून प्रत्येकातलं पहिलं वाक्य वाजवून घेतलं, न सांगता, सलग. नळी_आणि_रीड यांनी जे लिहिलं होतं तेच त्या बघत होत्या बहुतेक. लफेव्रचा अदाजिओ वाजवताना तिचे खांदे खाली आले, ते मलाही दिसलं. तोच घ्यायचा, त्याला जोडून त्याच सोनाटातला रोंडो. रोंडोत ब्रेकवरून वेगात जाणाऱ्या चार जागा सापडल्या, त्यांवर गोल केलेत. बाई म्हणाल्या, बाकी रोंडो शिकायच्या आधी या चारच जागा शिकायच्या. वानहालसाठी त्यांच्याकडे पियानो वाजवणारा एक मुलगा आहे, पुढच्या मैफलीला दोघांना एकत्र बसवू म्हणाल्या.

अदाजिओचे, म्हणजे मोझार्टचे, पहिले आठ बार रोज चालूच आहेत.

एक शेवटचं विचारते. लफेव्रचा अदाजिओ संपला की रोंडो लगेच सुरू करायचा की थांबायचं? लोकांनी मध्येच टाळ्या वाजवल्या तर? आणि लय कोण देणार, ती की पियानो?

पियानोसाथ:
लय तिने द्यायची, आणि आजपासूनच त्याची सवय लावा. रोंडोचा एक बार मनात मोजायचा, शेवटच्या मात्रेवर नाकाने श्वास घेत वाद्याचं टोक इंचभर वर उचलायचं, ते खाली येईल तिथे पहिली मात्रा. श्वासाचा वेग हाच लयीचा वेग, साथीदाराला तेवढं पुरतं. पाय आपटायचा नाही.

दोन भागांमध्ये थांबा. वाद्य तोंडापासून काढायचं, पण कमरेपर्यंत खाली न्यायचं नाही. ते छातीपाशी राहिलं की अजून संपलेलं नाही हे लोकांना कळतं आणि सहसा टाळ्या येत नाहीत. आल्याच तर मान लववायची आणि टाळ्या पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं. तेवढ्या वेळात ओठ मिटून सैल सोडायचे, रीड ओली करायची, रजिस्टर कीच्या भोकात पाणी साचलंय असं वाटलं तर तिथे जोरात फुंकायचं. मग पियानोवाल्याकडे बघायचं. त्याचे हात पट्ट्यांवर आले की मोजायला सुरुवात.

नळी_आणि_रीड:
रोंडोची लय तिने त्या चार गोल केलेल्या जागांवरून ठरवावी. त्या जागा ज्या लयीत सलग तीनदा स्वच्छ जातात ती लय, त्याहून एक खूणही वर नाही. मेट्रोनोमवरचा तो आकडा पानाच्या वर पेन्सिलने लिहून ठेवा आणि साथीदारालाही कळवा.